रद्द झालेल्या फेरीत मोडलेला हात : खान्देशातील रस्ता सुरक्षा समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हा रस्ता सुरक्षा समिती,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार.

विषय : मोबाइल ॲपवरून चालणाऱ्या प्रवासी वाहनांच्या अपघातांची स्वतंत्र नोंद ठेवण्याबाबत.

महोदय,

राज्य परिवहन महामंडळात मी वाहक म्हणून लागलो, पुढे वाहतूक नियंत्रक झालो आणि एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर वाहतूक निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बहुतेक वर्षे खान्देशातल्याच आगारांत गेली. एरवी मी आपल्याकडे रीतसर अर्ज केला असता, त्याची पोच घेतली असती आणि घरी बसलो असतो. परंतु रात्री-अपरात्री रेल्वेतून उतरून खिशातला मोबाइल काढणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचा हा विषय आहे, म्हणून हे पत्र सर्वांनी वाचावे अशा रीतीने लिहीत आहे.

१ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ई-बाईक टॅक्सीला मान्यता दिली. त्याच वर्षी १ जुलैला केंद्र सरकारने ॲपवरून प्रवासी वाहतूक चालवणाऱ्या कंपन्यांसाठी नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि राज्याने परवानगी दिल्यास खासगी नोंदणीच्या मोटारसायकलींनाही या धंद्यात येण्याची वाट मोकळी केली. २०११ च्या जनगणनेचे आकडे धरले तरी जळगाव, धुळे, भुसावळ आणि नंदुरबार ही चार शहरे या मर्यादेत सरळ बसतात. अमळनेर आणि चाळीसगाव तेव्हा थोडक्यात खाली राहिली होती. म्हणजे ‘हे मुंबई-पुण्याचे दुखणे आहे’ असे म्हणून आता आपल्याला मोकळे होता येणार नाही. ही वाहने आल्यामुळे आपल्या रस्त्यांवरचे अपघात आणि जखमींची संख्या वाढते की घटते, एवढाच प्रश्न मी माहितीच्या अधिकारात एका कार्यालयाला विचारला होता. उत्तर एका ओळीचे आले : ‘सदर माहिती या कार्यालयाकडून संकलित केली जात नाही.’ ही ओळ मला मुकाट्याने मान्य करता येत नाही, कारण जी माहिती संकलित झाली नाही तिच्यात माझ्या पत्नीचा उजवा हात आहे.

घडलेली गोष्ट आधी सांगतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे मुलीकडून, नागपूरहून, रेल्वेने परत येत होतो. ती गाडी जळगावला थांबत नसल्याने पहाटे तीनच्या सुमारास भुसावळला उतरलो. बाहेर थंडी होती आणि पहिल्या एस.टी.ला वेळ होता. मी एका ॲपवरून जळगावसाठी गाडी बोलावली. दोन मिनिटांत चालकाचा फोन आला. ‘काका, कुठे जायचे? ऑनलाइन की कॅश?’ मी कॅश म्हटल्यावर तो म्हणाला, ‘मग बुकिंग कॅन्सल करून टाका, मी स्थानकाबाहेरच उभा आहे. कंपनीचे कमिशन वाचते, तुम्हालाही पन्नास रुपये कमी घेतो.’ मी बुकिंग रद्द केले. ज्या माणसाने एकतीस वर्षे विनातिकीट प्रवाशांकडून दंड वसूल केला, तो त्या पहाटे आपल्या बायकोला घेऊन स्वतः विनातिकीट बसला. ही माझी चूक होती आणि ती मी लपवत नाही.

काचेच्या आत, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, दोन मोबाइल अडकवलेले होते आणि तिसरा मांडीवर होता. तिन्हींवर वेगवेगळी ॲपे चालू होती. साकेगाव सोडले, वाघूरचा पूल मागे पडला, आणि नशिराबादच्या अलीकडे एका मोबाइलवर नव्या भाड्याची घंटी वाजली. ते भाडे घ्यायला अशा वेळी मोजके सेकंद असतात. त्या अवधीत बोट टेकवले नाही तर ते दुसऱ्याकडे जाते. चालकाचे बोट पडद्याकडे गेलेले मी पाहिले. त्यानंतर गाडी दुभाजकावर चढली. धूळ बसल्यावर तो पारोळ्याकडचा पोरगा कपाळाला हात लावून एवढेच म्हणाला, ‘आबा, डोया लागना.’ बोट पडद्यावर होते हेही खरे असेल आणि डोळा लागला हेही खरे असेल. आदल्या सकाळी दहापासून तो गाडीवर होता, हे त्यानेच नंतर सांगितले. पत्नीचा हात मनगटात आणि खांद्यापाशी मोडला. हाड जुळले, पण मनगट पूर्वीसारखे वळत नाही. कळण्याची भाकरी थापायला ती आता सुनेला बोलावते आणि स्वतः शेजारी बसून सूचना देते.

आता या अपघाताची नोंद कुठे आहे ते पाहा. पोलिसांच्या कागदावर ‘चारचाकी वाहन’ आहे. दवाखान्याच्या कागदावर ‘रस्ते अपघात’ आहे. कंपनीने मला कळवले की प्रवाशाने फेरी सुरू होण्यापूर्वीच रद्द केली असल्याने त्यांच्या नोंदीनुसार असा कोणताही प्रवास झालेला नाही. म्हणजे गाडी होती, चालक होता, प्रवासी होते, दुभाजक होता, फक्त फेरी नव्हती. नुकसानभरपाईसाठी न्यायाधिकरणाचा मार्ग मी धरला आहे. ते प्रकरण तिथे चालेल आणि त्याबद्दल येथे लिहिणे उचित नाही. मला विचारायचे आहे ते असे की, ज्या समितीने अपघात कमी करायचे आहेत तिला हा अपघात कोणत्या जातीचा होता हे कधी आणि कसे कळणार आहे?

एस.टी.च्या तिकिटात २०१६ पासून एक रुपया अपघात साहाय्यता निधीचा असतो. प्रवासी तो न बघताच देतो. पण त्या कागदाच्या तुकड्यामुळे कोणत्या गाडीत, कोणत्या थांब्यापासून कोण बसले होते हे सिद्ध होते. ॲपच्या फेरीचेही खरे तर त्याहून पक्के तिकीट असते, कारण तिथे माणसाचा आणि गाडीचा ठावठिकाणा क्षणाक्षणाला टिपला जातो. माझे बुकिंग रद्द झाले तरी माझा मोबाइल आणि त्या चालकाचा मोबाइल भुसावळपासून नशिराबादपर्यंत एकाच वेगाने, एकाच रस्त्याने गेले. ॲपने पार्श्वभूमीत ठावठिकाणा घेण्याची परवानगी माझ्याकडून घेतलेली होतीच. हे जुळवून पाहणे कंपनीला अवघड नाही. तिला ते पाहायला कोणी भाग पाडलेले नाही.

या सेवांमुळे अपघात वाढतात असे ठोकून सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे, असा समज होऊ नये. जगात जिथे हे मोजले गेले तिथे उत्तर दोन्ही बाजूंनी आलेले आहे. अमेरिकेत २०१६ साली शंभर सर्वाधिक लोकसंख्येच्या महानगरी परगण्यांचा अभ्यास झाला. त्यात उबर आल्यामुळे अपघाती मृत्यूंत फरक पडल्याचे दिसले नाही. कॅलिफोर्नियातील आकडे तपासणाऱ्या दोन अभ्यासकांना २०१७ मध्ये असे आढळले की स्वस्त सेवा सुरू झाल्यावर दारूशी संबंधित अपघाती मृत्यू ३.६ ते ५.६ टक्क्यांनी घटले. ह्यूस्टन शहरात डॉक्टरांनी रुग्णालयांतल्या जखमींच्या नोंदी आणि फेऱ्यांची माहिती शेजारी-शेजारी ठेवली, तेव्हा शुक्रवार-शनिवारच्या रात्री येणारे वाहन अपघातांचे जखमी जवळपास २४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. याउलट शिकागो आणि राइस या विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञांनी शहरामागून शहर तपासले, आणि सेवा सुरू झाल्यावर प्राणघातक अपघातांत सुमारे ३ टक्के वाढ झाल्याचे, म्हणजे अमेरिकेत वर्षाला जवळपास हजार माणसे अधिक दगावल्याचे, त्यांना आढळले. त्याचे कारणही त्यांनी दिले आहे : रस्त्यावर गाड्या वाढल्या, गाड्यांचे एकूण किलोमीटर वाढले, आणि त्यातले बरेचसे किलोमीटर भाड्याच्या शोधात रिकामे फिरण्याचे होते.

हे निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात. पण ज्याने गाड्यांची वेळापत्रके लावली आहेत त्याला त्यांत गोंधळ वाटणार नाही. नव्या गाडीने कोणता प्रवास हटवला, यावर सगळे अवलंबून असते. पिऊन स्वतःची मोटार हाकणारा माणूस मागच्या सीटवर जाऊन बसला तर रस्ता सुरक्षित झाला. एस.टी.तून किंवा रेल्वेतून जाणारा माणूस उठून मोटारीत बसला, तर सुरक्षित वाहनातला एक प्रवासी कमी झाला आणि रस्त्यावर एक गाडी वाढली. ह्यूस्टनमध्ये शुक्रवारी रात्री बारमधून बाहेर पडणाऱ्यांचा हिशेब लागला. भुसावळ स्थानकावर पहाटे तीनला बोचकी घेऊन उतरलेले म्हातारा-म्हातारी त्या हिशेबात नाहीत, आणि म्हणून ह्यूस्टनचे २४ टक्के नशिराबादला लावता येत नाहीत. तसेच शिकागोकरांचे ३ टक्केही लावता येत नाहीत, कारण आपल्याकडे ही गाडी कधीकधी दहा-बारा माणसे कोंबलेल्या काळी-पिवळीची जागा घेते, आणि तेव्हा ती निश्चितच बरी. सावदा-रावेरकडे संध्याकाळी केळीच्या ट्रकमागून, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉलीच्या शेजारून, तिघे बसून दुचाकी हाकणारी मुले मी रोज पाहतो. त्यांतला एक जरी चारचाकीत बसला तरी मला आनंदच आहे. देशात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत दुचाकीवरची सुमारे ४४ टक्के होती. आपल्या राज्याचा त्या वर्षीचा आकडा १५,२२४ आहे. प्रश्न एवढाच आहे की खान्देशात ही गाडी कोणाच्या जागी आली, आणि हे इथे मोजल्याशिवाय कळणार नाही.

एक कबुली इथेच देऊन टाकतो, कारण माझे जुने सहकारी हे पत्र वाचतील. खान्देशातल्या प्रवाशाला ॲपच्या गाडीची आणि ‘सीट’ घेऊन पुण्याला जाणाऱ्या मोटारींची सवय लावण्यात आमचाही वाटा आहे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या एस.टी.च्या संपकाळात प्रवासी महिनोन्‌महिने फलाटाकडे फिरकला नाही. संपाच्या मागण्यांवर मी इथे बोलत नाही. परंतु त्या काळात जो मोटारीत बसायला शिकला तो पूर्णपणे परत आला नाही, हे आगारात बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आणि माझ्या मते बाकीच्यांची आई, म्हणजे नोंदीचा अभाव. केंद्राच्या वार्षिक अपघात अहवालात मोटार, टॅक्सी, व्हॅन आणि हलकी वाहने एकाच रकान्यात टाकलेली असतात. ‘आयरॅड’ या संगणक प्रणालीत पोलीस जागेवरून माहिती भरतात, ही चांगली गोष्ट आहे. पण गाडी त्या क्षणी ॲपवर होती का, हे पोलीस विचारत नाहीत आणि चालक आपण होऊन सांगत नाही. हे मोजता येत नाही असे कोणी म्हणू नये. उबर कंपनीने स्वतः २०१९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतला अहवाल प्रसिद्ध केला, त्यात २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत तिच्या सेवेशी संबंधित ९७ प्राणघातक अपघातांत १०७ माणसे गेल्याचे आकडे दिले. कंपनी तिथे मोजते तर इथेही मोजू शकते.

दुसरी तक्रार रिकाम्या गाडीबद्दल आहे. आमच्याकडे आगारातून फलाटापर्यंत जाणाऱ्या रिकाम्या अंतराला ‘डेड किलोमीटर’ म्हणत आणि ते वाढले की आगार व्यवस्थापकाला जाब द्यावा लागे. ॲपच्या धंद्यात डेड किलोमीटरचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. गाडी स्थानकाभोवती, बसस्थानकाभोवती, अजिंठा चौफुलीपासून आकाशवाणी चौकापर्यंत फिरत राहते, कारण जवळ असलेल्याला भाडे मिळते. या रिकाम्या वेळेत तिने कोणाला उडवले तर जबाबदारी कोणाची? सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री हेच घडले. कुटुंबासोबत रस्ता ओलांडणारी सहा वर्षांची मुलगी एका ॲपचालकाच्या गाडीखाली आली, आणि त्या वेळी गाडीत प्रवासी नव्हता असे सांगून कंपनीने हात वर केले. तिथल्या लोकांनी हे उत्तर मानले नाही. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायदा केला आणि जुलै २०१५ पासून, चालकाने ॲप सुरू केल्यापासूनचा वेळ विम्याच्या कक्षेत आणला. ॲप चालू पण भाडे नाही, भाडे घेतले पण प्रवासी बसायचा आहे, आणि प्रवासी बसलेला आहे, अशा तीन अवस्था तिथे वेगळ्या धरल्या जातात. आपल्या पंचनाम्यात या तिन्हींना मिळून एकही शब्द नाही.

तिसरी तक्रार चालकाच्या तासांची. ती करताना मी चालकांच्या बाजूने बोलत आहे, कारण माझा सख्खा भाचा पुण्यात हेच काम करतो. आमच्या नोकरीत मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातलेली होती. डबल ड्युटी दिली की त्याचा कागद व्हायचा, आणि डोळे लाल दिसले तर मी स्वतः चालकाला उतरवून विश्रांतिगृहात पाठवलेले आहे. ॲपच्या कंपन्यांसाठी केंद्राने २०२० मध्ये काढलेल्या सूचनांत मर्यादा दिवसाला १२ तास लॉगिन आणि त्यानंतर १० तास सक्तीची विश्रांती अशी होती. एकाहून अधिक ॲपांवर काम करणाऱ्याचे तास एकत्र मोजण्याची सोय करावी, असेही त्यात होते. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात एक ॲप बारा तासांनी बंद झाले की चालक शेजारचा मोबाइल उजळतो. भाचा सांगतो की हप्ता, सीएनजी आणि कंपनीचे कमिशन वजा जाता पहिले आठ तास दुसऱ्यांसाठी जातात आणि घरच्यांसाठीचे तास त्यानंतर सुरू होतात. लग्नसराईत तो पुण्याहून भाडे घेऊन निघतो, सुमारे चारशे किलोमीटर येऊन जळगावला प्रवासी उतरवतो आणि परतीचे भाडे मिळाले तर आईला न भेटताच माघारी जातो. रात्रीच्या कन्नड घाटात किंवा एरंडोल-पारोळ्याच्या पट्ट्यात तो किती वेळ जागा आहे, हे विचारणारा कोणताही नाका रस्त्यात नाही.

मोबाइलचा मुद्दा मी थोडक्यात सांगतो. २०२० च्या ऑक्टोबरपासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडी चालवताना हातातल्या उपकरणाचा वापर फक्त मार्ग पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, मान्य केलेला आहे. धावत्या गाडीत नवे भाडे पटकावणे म्हणजे मार्ग पाहणे नव्हे. तरीही सगळ्या ॲपांची रचना अशी आहे की बोट पटकन गेले नाही तर चालकाचे नुकसान. वाहतूक पोलीस त्या चालकाला दंड करतील. घंटी वाजवणाऱ्याला कोण करणार?

पांढऱ्या पाटीच्या मोटारींचा प्रश्न वेगळा आणि नाजूक आहे. पुणे, नाशिक, सुरतेकडे जाणारे अनेक जण पेट्रोलचा खर्च वाटून घेण्यासाठी ॲपवरून सोबती घेतात, आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही. परंतु रोज तीच मोटार, तोच चालक आणि रोज वेगळे चार सोबती असतील तर ती खर्चाची वाटणी राहत नाही, तो विनापरवाना धंदा होतो. खासगी मोटारीच्या विम्यात भाड्याने प्रवासी नेण्याची मुभा नसते, त्यामुळे अपघात झाला की विमा कंपनी पहिला आक्षेप त्यावरच घेते. मागच्या सीटवर बसलेल्या विद्यार्थ्याला हे ठाऊक नसते. बांभोरीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांना एवढे तरी कोणीतरी सांगायला हवे.

राहिली बाईक टॅक्सी. तिच्यावर मी फार लिहीत नाही, कारण ती अजून पुरती आलेली नाही आणि न आलेल्या गोष्टीला दोष देणे मला पटत नाही. एवढेच विचारतो की जळगावच्या महामार्गालगत समांतर रस्ते मागता-मागता ज्या शहराची कितीतरी वर्षे गेली, त्या शहरात मागच्या सीटवरच्या अनोळखी प्रवाशाच्या डोक्यावर हेल्मेट असेल याची खात्री कोण देणार आहे? ते हेल्मेट दिवसभर वीस डोक्यांवरून फिरलेले, घामेजलेले असेल आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत प्रवासी ते हातात धरून बसेल. हे आज कोणी लिहून ठेवले नाही तर उद्याच्या जखमींच्या नोंदीत ‘हेल्मेट नव्हते’ एवढेच येईल आणि दोष प्रवाशाच्या माथी जाईल.

माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशांना मुंबईची परवानगी लागेल असे मला वाटत नाही.

अपघाताच्या प्रत्येक पंचनाम्यात एक ओळ वाढवावी : वाहन ॲपवर चालू होते काय, असल्यास तीन अवस्थांपैकी कोणत्या. संगणक प्रणालीत रकाना नसेल तर तो होईपर्यंत कागदावर लिहावे. जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि महामार्गालगतचे दवाखाने यांच्या अपघात विभागात जखमीला किंवा त्याच्यासोबतच्या माणसाला हाच प्रश्न विचारून केसपेपरवर उत्तर नोंदवावे. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनीही असेच रुग्णालयातल्या नोंदींवरून शोधले. त्याच्या खाली दुसरा प्रश्न विचारावा : ही गाडी नसती तर तुम्ही कशाने गेला असता? एस.टी., काळी-पिवळी, स्वतःची दुचाकी, की गेलाच नसता? माझ्या दृष्टीने हा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे, कारण लाभ झाला की तोटा याचा निवाडा त्याच्यावर होणार आहे.

आपल्या जिल्ह्यांत धंदा करू इच्छिणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून दरमहा चार आकडे मागवावेत, आणि परवान्याशी निगडित शिफारस करताना ते दिले की नाहीत हे पाहावे : एकूण किलोमीटर, त्यांतले रिकामे किलोमीटर, बारा तासांपलीकडे गेलेले चालक, आणि सर्व प्रकारचे अपघात. प्रवाशाला घ्यायला पोहोचल्यानंतर रद्द झालेल्या फेरीत दोन्ही मोबाइल पुढे सोबत गेले असतील, तर कंपनीने उलट सिद्ध करेपर्यंत ती फेरी झाली असे धरावे. ही अट घातली तर ‘कॅन्सल मारा’ हा व्यवहार आठवड्यात थांबेल, असे मी अनुभवाने सांगतो. तपासणीची गाडी पुढे उभी आहे हे कळले की विनातिकीट प्रवासी आपोआप तिकीट मागतो.

भुसावळ, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या स्थानकांबाहेर ॲपच्या गाड्यांना उभे राहण्याची ठरावीक जागा, पाणी, शौचालय आणि चार बाकांची विश्रांतीची खोली द्यावी. गाडीला थांबायला जागा असेल तर ती रिकामी फिरणार नाही, आणि चालकाला पाठ टेकायला जागा असेल तर तो स्टिअरिंगवर डोके टेकणार नाही. नशिराबादच्या आणि धुळे परिसरातल्या टोलनाक्यांवर रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत, आठवड्यातून किमान दोनदा, दंडाचे पुस्तक घरी ठेवून चालकांना खाली उतरवावे, चहा पाजावा आणि किती तासांपासून गाडीवर आहात एवढे विचारावे. एस.टी.च्या विभागीय कार्यालयांशी बोलून रात्रीच्या मुख्य गाड्यांच्या वेळी भुसावळ ते जळगाव अशी एक तरी बस सुरू करून घ्यावी. आम्हाला ती मिळाली असती तर मी मोबाइल खिशातून काढला नसता.

बाईक टॅक्सीच्या बाबतीत, वर सांगितलेली नोंद निदान सहा महिने झाल्याशिवाय आपल्या चार शहरांत परवाने देऊ नयेत, अशी शिफारस समितीने परिवहन प्राधिकरणाकडे करावी. आधीचा आकडा हाती नसेल तर नंतरचा आकडा वाढला की घटला हे कोणीच सांगू शकणार नाही, आणि मग पुन्हा मला एका ओळीचे उत्तर येईल.

समितीच्या पुढील बैठकीत हा विषय कार्यसूचीवर घ्यावा आणि त्याचे इतिवृत्त प्रसिद्ध करावे, ही विनंती. मला बोलावल्यास मी स्वखर्चाने येईन. नोकरीत आयुष्यभर तक्ते आखण्याची सवय असल्याने पोलीस ठाण्यांना आणि दवाखान्यांना सोपा जाईल असा एक पानी तक्ता मी तयार केला आहे. अवस्था, तास, हेल्मेट, सीटबेल्ट आणि ‘ही गाडी नसती तर’ असे त्यात रकाने आहेत. त्याची प्रत तिन्ही समित्यांना या पत्रासोबत पाठवत आहे. पहिली ओळ मी भरून ठेवली आहे : नशिराबादच्या अलीकडे, पहाटेची वेळ, अवस्था तिसरी, फेरी रद्द, जखमी एक, ‘ही गाडी नसती तर’ या रकान्यात ‘पहिली एस.टी.’

आपला,
एक निवृत्त वाहतूक निरीक्षक,
जळगाव